अर्थसाहाय्यित घरांची भाडेवसुली

शासकीय अर्थसाहाय्याने बांधलेल्या घरांतील भाडेकरूंच्या वाट्यास येणारी भाड्याची रक्कम नियतकाळी गोळा करण्याची व्यवस्था. बांधकाम-खर्च, व्याज, कर व देखभाल यांवरून येणाऱ्या भाड्यास ‘आर्थिक भाडे’ म्हणतात. ते कामगाराच्या ऐपतीबाहेर असल्यास काही भार शासन उचलते व उरलेला भाडेकरूकडून वसूल केला जातो.

मुंबईत १९२० मध्ये स्थापन झालेल्या विकास विभागाने वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. त्यांच्या खर्चासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर १ रु. कर बसविण्यात आला. तरीही भाडे न परवडल्याने सुरुवातीस अनेक खोल्या रिकाम्या राहिल्या. १९५२ च्या अर्थसाहाय्यित औद्योगिक गृहनिर्माण योजनेत केंद्राने राज्यांना निम्मा खर्च अनुदान व निम्मा कर्ज म्हणून देऊ केला. अनुदानाची परतफेड नसल्याने भाडे उतरले. मात्र कर्जाचे हप्ते व दुरुस्ती यांचा भार भाड्यावरच राहिला.

महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास अधिनियम, १९७६ अन्वये थकबाकी जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. वेतनातून कपात व निष्कासन हेही मार्ग आहेत. वेतनकपात नियमित नोकरी असलेल्यांपुरतीच उपयोगी पडते. गिरणी बंद पडली किंवा मजुरी खंडित झाली, तरी ठराविक भाडे चालूच राहते आणि ज्याला घराची गरज सर्वाधिक, तोच थकबाकीदार ठरतो. अमेरिकेत १९६९ च्या ब्रुक दुरुस्तीने सार्वजनिक घरांचे भाडे उत्पन्नाच्या २५ टक्क्यांपर्यंत मर्यादित केले. १९८१ मध्ये हे प्रमाण ३० टक्के झाले.

मराठवाड्यातील खाजगी घरभाड्याचे नियमन हैदराबाद राज्याच्या १९५४ च्या कायद्याने होई. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू झाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत पुनर्वसनाची घरे भाड्याने न देता मालकीने देण्यात आली. २०१६ च्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या (ग्रामीण) मूळ तरतुदीनुसार निलंग्यासारख्या सपाट प्रदेशातील तालुक्यांत १.२० लाख रु. साहाय्य हप्त्यांनी मिळे. वरचा खर्च लाभार्थ्याचा असल्याने तेथे मासिक वसुली नसते. परंतु हा वाटा उभा न राहिल्यास घर अर्धवट राहते. म्हणून भाडे असो वा हिस्सा, त्याची आकारणी कुटुंबाच्या प्रत्यक्ष उत्पन्नाशी जोडणे आवश्यक ठरते.