सात्म्य आणि पादांशिक क्रम : सोलापूरचा धडा

सोलापुरात १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली. त्या सुमारास आणि पुढेही तेलंगणातून आलेली पद्मशाली विणकर कुटुंबे येथे स्थिरावली. भातावर पोसलेल्या या समाजाच्या ताटात ज्वारीची भाकरी आली. पण भात हटला नाही. नवा देश शरीराने असा सावकाश आपलासा केला. अभ्यासाने अंगवळणी पडते, त्यालाच आपले शास्त्र ओकसात्म्य म्हणते.

ही सावकाशी आम्ही वैद्यच पुष्कळदा विसरतो. पूर्वभागातील मधुमेही यंत्रमाग कामगाराला 'उद्यापासून भात बंद' असे आम्हीही एका वाक्यात सांगितले आहे. चार दिवसांत तो पुन्हा भाताकडे वळतो आणि संकोचाने चिकित्सालयाची पायरी चढत नाही. येथे उणीव रुग्णाच्या निग्रहात नसून आमच्या योजनेत असते.

अंगवळणी पडलेले अपथ्यही चतुर्थांशाने किंवा षोडशांशाने सोडावे व त्याच क्रमाने हितकर ते घ्यावे, असे वाग्भटाचार्य सांगतात. क्षार-लवणाचे अतिसेवन ज्यांना सात्म्य झाले, त्यांनीही क्रमानेच निवृत्त व्हावे, हे चरकाचार्यांचे विमानस्थानातील मत आहे. चार वाट्या भात खाणाऱ्यास प्रथम तीन वाट्या व सोबत थोडी भाकरी द्यावी. ती पचू लागल्यावरच पुढील पायरी गाठावी. मधुमेहाची औषधे चालू असल्यास रक्तशर्करेवर लक्ष ठेवावे. भात एकाएकी तोडल्यास ती घसरू शकते.

उन्हाचेही तसेच. मावळत्या ऋतूचा शेवटचा आणि येणाऱ्या ऋतूचा पहिला सप्ताह मिळून ऋतुसंधी होतो. उष्ण जागी काम करण्यास शरीर सरावण्यासाठी आधुनिक शास्त्रही सुमारे ७ ते १४ दिवस मानते. गावाहून दीर्घ रजेनंतर परतलेल्या कामगारास तापलेल्या कारखान्यात पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी देऊ नये. मात्र उष्माघाताने भ्रम वा मूर्च्छा आल्यास क्रम पाहू नये; अंग त्वरित थंड करून रुग्णास रुग्णालयात न्यावे.

औषधी दुकानदारांनाही एक विनंती. वर्षानुवर्षे रोज रात्री रेचक चूर्ण नेणाऱ्या ग्राहकास केवळ पुडी देऊन किंवा ती एकदम नाकारून चालणार नाही. त्यास वैद्याकडे पाठवावे आणि वैद्याने मात्रा पावापावाने उतरवावी.

पथ्य लिहिताना आम्ही 'काय' लिहितो. त्यापुढे 'किती दिवसांत' हेही लिहू लागलो, तर अनेक रुग्ण पथ्यावर टिकतील.