एकावर एक गाडी: गराजमधल्या लिफ्टची ओळख



भारतात 'गॅरेज' म्हटले की आजी-आजोबांच्या डोळ्यांसमोर गाड्या दुरुस्त करायचे दुकान येते. इथे अमेरिकेत गराज म्हणजे घराचीच एक खोली. तिथे गाड्या असतात, सायकली असतात, बर्फ काढायचे फावडे आणि गणपतीच्या मखराचे सामानही असते. ताई किंवा दादा सोळा वर्षांचे झाले की आणखी एक गाडी येते. बाबांची पहिली गाडी विकवत नाही. पुष्कळ वसाहतींत रात्री रस्त्यावर गाडी ठेवायला बंदी असते. मग कोणीतरी म्हणते, "एक गाडी वर चढवली तर?"

मुंबई-पुण्याच्या नव्या इमारतींत तुम्ही अशा एकावर एक ठेवलेल्या गाड्या पाहिल्या असतील. इथे तशीच लिफ्ट घरच्या गराजमध्ये बसवता येते. ती कशी चालते आणि घरात असली तर काय सांभाळायचे, ते या अंकात पाहू.

लिफ्टला एवढी ताकद कुठून येते?

टेनेसीतल्या मेम्फिस शहरात पीटर लुनाटी नावाचे एक मेकॅनिक होते. न्हाव्याची खुर्ची वर-खाली होताना पाहून त्यांना गाडी उचलायची कल्पना सुचली, आणि १९२५ साली त्यांनी लिफ्टची कंपनी काढली. यामागचा नियम मात्र सतराव्या शतकातल्या फ्रेंच शास्त्रज्ञ पास्काल यांचा. बंद भांड्यातल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोचतो.

समजा, लहान दट्ट्या १ चौरस इंचाचा आहे आणि मोठा १० चौरस इंचांचा. लहान दट्ट्यावर १० पौंड जोर दिला तर मोठा १०० पौंड उचलतो. पण फुकट काहीच मिळत नाही! मोठा दट्ट्या १ इंच वर जायला लहान दट्ट्या १० इंच दाबावा लागतो. सुया नसलेल्या दोन पिचकाऱ्या, एक लहान व एक मोठी, पाण्याने भरून नळीने जोडा आणि हे करून पाहा.

घरच्या लिफ्टला बहुधा चार खांब असतात. विजेची मोटर पंप फिरवते, पंप तेलावर दाब आणतो, तेल दट्ट्या सरकवते आणि दट्ट्या पोलादी दोर ओढतो. मग चारही कोपरे एकदम वर जातात.

टेकलेली हवी, लटकलेली नको

ही या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. खांबांत ठरावीक अंतरावर खाचा असतात. गाडी हवी तेवढी वर गेली की ती किंचित खाली आणून चारही खटके खाचांत बसवायचे. मग सगळे वजन पोलादावर टेकते. तेल गळले किंवा दोर सैल झाला तरी गाडी खाली येत नाही. नुसत्या तेलाच्या दाबावर आणि दोरांवर गाडी रात्रभर ठेवणे धोक्याचे. एखादा खटका बसला नाही तर तो कोपरा वेगळ्या उंचीवर राहतो. म्हणून मोठ्यांनी चारही खांबांपाशी जाऊन डोळ्यांनी खात्री करावी. चाकांना पुढे-मागे अडसर लावावा आणि हातब्रेक ओढावा.

विकत घेण्यापूर्वी

आधी टेप घेऊन मोजा. खालची गाडी ५७ इंच, वरची ५६ इंच, मधला पोलादी पाट ५ इंच, आणि खाली-वर ४-४ इंच मोकळी जागा. बेरीज १२६ इंच, म्हणजे साडेदहा फूट. छत आठ फुटांचे, म्हणजे ९६ इंचांचे असेल तर हा विचार सोडून द्यावा.

वजनही पाहा. गाडीच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर, भरलेल्या गाडीचे जास्तीत जास्त वजन किती, ते छापलेले असते. विजेवरच्या गाड्या बॅटरीमुळे जास्त जड असतात. लिफ्टची क्षमता त्याहून जास्त हवी. १९४५ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह लिफ्ट इन्स्टिट्यूट ही संस्था तपासलेल्या लिफ्टना सोनेरी लेबल देते. ते आहे का, ते बघा.

जमिनीचे काँक्रीट किती जाड आहे, तडे गेले आहेत का, हे जाणकाराला दाखवा. काही घरांच्या काँक्रीटमध्ये ताणलेल्या पोलादी तारा असतात. तिथे न विचारता भोक पाडले तर तार तुटून मोठा अपघात होऊ शकतो. गावाच्या बांधकाम खात्याची परवानगी, वसाहतीचे नियम आणि घराचा विमा या तिन्हींची चौकशी आधीच करावी.

दाराचा विसरलेला धोका

१ जानेवारी १९९३ पासून अमेरिकेत बनलेल्या गराजच्या स्वयंचलित दारांना, बंद होताना काही आड आले तर मागे फिरायची सोय असावी लागते. त्यासाठी लावलेले दिव्याचे डोळे जमिनीपासून सहा इंचांच्या आत असतात. वर टांगलेली गाडी त्यांना दिसत नाही! उघडणारे दार छताखाली सरकते आणि वरच्या गाडीवर आपटू शकते. म्हणून दाराचे रूळ उंच करून घ्यावे लागतात. खालच्या गाडीचे मागचे दार बटणाने उघडत असेल तर तेही वरच्या पाटावर आदळते.

हिवाळ्यात गाडी वर चढवण्यापूर्वी मिठाचे पाणी धुऊन गाडी कोरडी करा आणि पाटाखाली ठिबक झेलायला तबके लावा. गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर बॅटरीला सांभाळणारा चार्जर लावा. बंद गराजमध्ये इंजिन मुळीच चालू ठेवू नका. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो.

मुलांसाठी चार नियम

१. लिफ्ट हलत असताना आपण गराजच्या बाहेर.
२. चेंडू खाली गेला तर जाऊ द्या. मोठ्यांना हाक मारा.
३. वर जाणाऱ्या गाडीत कोणीही बसायचे नाही, मांजरसुद्धा नाही. आधी आत डोकावून बघा.
४. बटणाला हात लावायचा नाही. किल्ली मोठ्यांकडेच.

पालकहो, व्यावसायिक दुकानांत लिफ्टची वर्षातून निदान एकदा तपासणी होते. घरच्या लिफ्टलाही तोच नियम लावा. दोर, खटके, बोल्ट आणि तेल पाहून घ्या आणि तारीख भिंतीवर लिहून ठेवा.

शब्द शिकूया
दट्ट्या: नळीत पुढे-मागे सरकणारा भाग.
खाच: अडकवण्यासाठी कोरलेली जागा.
खटका: खाचेत बसून वजन अडवणारा तुकडा.
अडसर: हालचाल थांबवणारी वस्तू.

पुढच्या वर्गाला येताना आपल्या गराजची उंची मोजून आणा. तुमच्याकडे एकावर एक गाडी मावेल का, ते फळ्यावर गणित करून पाहू.