नेसणे, घालणे, माळणे : वेशभूषेची क्रियापदे आणि ज्ञानेंद्रिये

क्रियापदाचा अर्थ आपण कोशात पाहू शकतो. परंतु त्या अर्थाची सीमा नेमकी कोठे आहे, हे पुष्कळदा व्यवहाराकडे पाहिल्यावरच उमगते. रोजच्या वेशभूषेचे उदाहरण घेऊ. हिंदीत साडी, कुडता, बांगडी आणि चप्पल या सर्वांसाठी ‘पहनना’ हे एकच क्रियापद चालते. मराठीत मात्र आपण साडी व धोतर नेसतो, सदरा व चप्पल घालतो, फेटा बांधतो, शाल पांघरतो, बांगड्या भरतो आणि गजरा माळतो. एवढे भेद भाषेने कशासाठी राखले असतील?

शिवलेल्या सदऱ्याला आकार आधीच मिळालेला असतो. आपण त्यात केवळ हात सारतो. साडी म्हणजे सहा किंवा नऊ वारांचे सरळ कापड. तिला आकार देण्याचे काम नेसणारीच्या हातांना रोज नव्याने करावे लागते. कमरेभोवती वेढणे, आवळणे, खोचणे या कृती ‘नेसणे’ या शब्दात सामावलेल्या आहेत. म्हणूनच परकर शिवलेला असूनही, तो कमरेला नाडीने आवळला जात असल्यामुळे, ‘परकर नेसला’ असे आपण म्हणतो.

आता या कृतीत कोणते इंद्रिय काय करते ते पाहा. निऱ्यांची रुंदी डोळ्यांपेक्षा अंगठा आणि बोटे अधिक नेमकी मोजतात. काठ पुरेसा खाली आला की नाही, हे पावलांना कळते. गाठ सैल आहे की घट्ट, हे कमरेला. खळ दिलेल्या कापडाची चरचर आणि रेशमाची सळसळ कान ओळखतात. पावसाळ्यात कपडा पुरता वाळलेला नाही, हे हाताच्या आधी नाक सांगते. खांद्यामागे गेलेला पदर न पाहता नेमका हाती येतो, तो आपले हात कोठे आहेत या आंतरिक जाणिवेमुळे. या जाणिवेला चार्ल्स शेरिंग्टन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९०६ मध्ये स्वतंत्र नाव दिले.

बोटांवर एवढी भिस्त का, याचे उत्तर एर्न्स्ट वेबर यांच्या १८३४ मधील स्पर्शविषयक ग्रंथात सापडते. त्यांनी कंपासची दोन टोके त्वचेवर टेकवून पाहिली. बोटाच्या अग्रावर टोकांमध्ये दोन-तीन मिलिमीटर अंतर असले, तरी ती वेगळी जाणवतात. पाठीवर मात्र सुमारे चार सेंटिमीटर अंतर लागते. पाठीवरचा हूक लावताना पाठीचा उपयोग होत नाही, बोटेच तो शोधतात, ते यामुळेच.

येथे एक घरचा अनुभव सांगतो. उतारवयात माझ्या आईची दृष्टी जवळजवळ गेली. तरीही पुढे कित्येक वर्षे ती कोणाच्याही मदतीशिवाय नऊवारी नेसत असे. ओचा आणि काष्टा कधी चुकला नाही. पुढे मधुमेहामुळे तिची बोटे बधिर झाली, तेव्हा मात्र निऱ्या हातातून निसटू लागल्या आणि तिला गाऊन वापरावा लागला. त्या दिवशी ती म्हणाली, “आता नेसणं संपलं. नुसतं घालायचं.” तिने काय गमावले होते, हे त्या दोन क्रियापदांतील अंतराने सांगितले.

आज ‘साडी घातली’ हा प्रयोग सर्रास ऐकू येतो. शिवलेल्या निऱ्यांच्या तयार साडीच्या बाबतीत तो अयोग्यही म्हणता येणार नाही, कारण तेथे कृतीच बदललेली आहे. भाषा बदलणारच. मात्र नेसण्याची कृती शिल्लक असताना तिचा शब्द गळून पडला, तर हातांचे हे ज्ञान ओळखण्याची एक खूणही आपण गमावू. भाषेच्या अभ्यासकाने शुद्धाशुद्धतेचा निवाडा करण्यापूर्वी हे निरखायला हवे.

करून पाहा : उद्या सकाळी तयार होताना प्रत्येक कृतीसाठी तुमच्या घरात वापरले जाणारे क्रियापद लिहून काढा. तीच कृती डोळे मिटून करा आणि कोणते इंद्रिय मदतीला आले, ते त्या क्रियापदासमोर नोंदवा. घरातील वडीलधाऱ्यांची क्रियापदे तुमच्याहून वेगळी आहेत का, तेही विचारा.