बातमीदार, लक्षाधीशाची कन्या आणि एक हरवलेले प्रेत

प्रेत पाहून कोणाला हसू येईल का? सरळ माणूस ‘नाही’ असेच म्हणेल. पण १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतील प्रेक्षक पैसे मोजून नेमके हेच करायला चित्रपटगृहात जात होते. १९३४ साली ‘द थिन मॅन’ या बोलपटाने खुनाचा तपास आणि नवराबायकोची थट्टामस्करी एकाच भांड्यात शिजवून दाखविली. तो पदार्थ लोकांना इतका आवडला की पुढे वर्षानुवर्षे त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या. त्यांपैकी १९३८ चा ‘द मॅड मिस मँटन’ हा एक. चित्रपट काही थोर नव्हे. परंतु असल्या चित्रपटांचे यंत्र कसे चालते हे पाहावयाचे, तर थोर कृतीपेक्षा अशी मधल्या दर्जाची कृतीच अधिक उपयोगी पडते, असे माझे मत आहे.

गोष्ट न्यूयॉर्कची. मेल्सा मँटन ही धनाढ्य तरुणी रात्री तीन वाजता आपली कुत्री फिरवायला निघते. (एवढ्या एका वाक्यात त्या वर्गाची सारी दिनचर्या येऊन जाते.) एका रिकाम्या घरातून माणूस पळताना तिला दिसतो, आत जाऊन पाहते तो एका बँकवाल्याचे प्रेत! ती पोलिसांना बोलावते. पण ते येईपर्यंत प्रेत नाहीसे झालेले असते. मेल्सा आणि तिच्या मैत्रिणी खोड्यांबद्दल गावभर प्रसिद्ध, तेव्हा हीही एक खोडीच असे पोलीस अधिकारी ठरवून टाकतो. दुसऱ्या बाजूने पीटर एम्स नावाचा वृत्तपत्राचा संपादक श्रीमंतांच्या या रिकामटेकड्या लेकींवर जळजळीत अग्रलेख लिहितो. मेल्सा त्याच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावते आणि आपला शब्द खरा ठरविण्यासाठी मैत्रिणींची फौज घेऊन स्वतःच खुनी शोधू लागते. खुनी कोण, ते मी सांगत नाही. पाहणाऱ्याचा हक्क आपण का हिरावून घ्यावा?

येथे विनोदाच्या खाली एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. बाई खरे बोलत आहे, पण पोलीस आणि वृत्तपत्र, दोघेही तिचे ऐकण्यापूर्वीच निकाल देऊन मोकळे झाले आहेत. संपादकाचा राग अगदीच निराधार नाही. १९३३ मध्ये अमेरिकेत कामकऱ्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा बेकार होता, आणि १९३७-३८ मध्ये मंदीने पुन्हा डोके वर काढले होते. अशा दिवसांत फरचा कोट घालून कुत्री फिरविणारी मुलगी लोकांच्या डोळ्यांत खुपणारच. पण राग योग्य असला म्हणून माहिती खरी ठरत नाही. एम्सची चूक आहे ती ही, आणि ती उमगताच त्याचे प्रेमात पडणे सुरू होते.

बरे, नायक वृत्तपत्रवालाच का? त्याला दोन कारणे आहेत. पहिले व्यवहाराचे. १९२७ नंतर चित्रपट बोलू लागले आणि चटपटीत संवाद लिहिणारांची हॉलिवुडला एकाएकी गरज पडली. बेन हेक्टसारखे लेखक वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांतूनच तेथे गेले, आणि जाताना आपला धंदाही पडद्यावर घेऊन गेले. दुसरे कारण समाजरचनेचे. साध्या मिळकतीचा माणूस लक्षाधीशाच्या दिवाणखान्यात कोणत्या निमित्ताने शिरणार? नोकर म्हणून, नाहीतर बातमी मिळवायला म्हणून. बातमीदाराला पोलीसचौकी, दारूचा गुत्ता आणि हवेली, तिन्ही दारे सारखीच उघडी. आणि गुन्हा काय करतो? तो हवेलीतल्या मुलीला रस्त्यावर आणतो, तिला काम देतो. तिच्या आयुष्यातले ते पहिलेच काम!

खरी कसोटी पुढे येते, ती पैशाची. याच जातीचा, पण खुनावाचूनचा, सर्वांत गाजलेला बोलपट म्हणजे फ्रँक कॅप्राचा १९३४ चा ‘इट हॅपन्ड वन नाइट’. त्यात घरातून पळालेल्या कन्येसाठी दहा हजार डॉलरांचे बक्षीस लागलेले असते. बातमीदार बापाकडे जातो आणि मागतो फक्त ३९ डॉलर ६० सेंट, म्हणजे पदरचा झालेला खर्च. त्या हिशेबानेच तो जावई व्हायला लायक ठरतो. आपल्याकडे १९५६ साली राज कपूर आणि नर्गिस यांच्या ‘चोरी चोरी’त, आणि पुन्हा १९९१ साली ‘दिल है के मानता नहीं’मध्ये हीच कथा अवतरली, हे पुष्कळांना ठाऊक असेल.

मेल्साच्या घरातली मोलकरीण हिल्डा हिच्याविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. ही भूमिका हॅटी मॅक्डॅनियल या कृष्णवर्णीय नटीची. ती घरातल्या या अतिशहाण्या मुलींना मुळीच भीत नाही. तोंडावर उत्तरे देते, आणि हुकूम मिळाला म्हणून संपादकमहाशयांच्या तोंडावर पाणीही फेकते. पुढे ‘गॉन विथ द विंड’मधील कामासाठी १९४० साली तिला ऑस्कर मिळाले, तो मान मिळविणारी ती पहिली कृष्णवर्णीय कलावंत. भूमिका तिथेही मोलकरणीचीच होती. गरीब-श्रीमंतांचे मनोमीलन घडविणाऱ्या या चित्रपटांचे हात तेवढ्या एका उंबऱ्यापाशी आखडत, हे विसरून चालणार नाही.

‘मिस मँटन’मध्ये बार्बरा स्टॅन्विक आणि हेन्री फोंडा यांची जोडी होती. १९४१ च्या ‘द लेडी ईव्ह’मध्ये तीच जोडी पुन्हा आली, पण पारडी फिरलेली: आता फोंडा श्रीमंताचा भोळा मुलगा, आणि स्टॅन्विक त्याला लुबाडायला निघालेली पत्तेबाज. पैसा या बाजूचा त्या बाजूला गेला तरी खेळ तोच राहतो.

मात्र पैशाच्या बाबतीत संपादक एम्स हा कॅप्राच्या बातमीदारापेक्षा अगदीच वेगळा निघाला. लग्नानंतर लांबच्या सहलीला जायचे तर तो खर्च त्याला परवडत नाही, तिला परवडतो. नवऱ्याच्याच मिळकतीवर राहण्याचा मानी आग्रह हा धरील, अशी तिची अपेक्षा. पण बायकोच्या पैशावर राहायला हा पठ्ठ्या एका पायावर तयार!