जेवणाच्या टेबलावरचा विमानतळ

सुटीत मामाने प्लॅस्टिकच्या विमानाचा संच आणून दिला, की जेवणाच्या टेबलावर आपला हक्क उरत नाही, खरं ना? पण मैत्रिणींनो, रागावू नका, जरा जवळ बसून बघा. डब्यावर १:७२ लिहिलेलं असतं, म्हणजे विमान बहात्तर पटींनी लहान. १९६५ च्या युद्धात गाजलेलं नॅट साधारण पावणेनऊ मीटर लांब. ते इथे जेमतेम बारा सेंटीमीटर भरतं!

सुटे भाग ज्या चौकटीला लागून येतात तिला ‘स्प्रू’ म्हणतात. भाग पिळून तोडू देऊ नका. नेलकटरने कापून टोक पॉलिशपेपरने घासावं. मग साबणाच्या पाण्याने धुवून वाळवावं. साच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. आधी प्रायमर, मग रंगाचे पातळ हात. जाड थराने बारीक रेषा बुजतात. (आमचं पहिलं विमान श्रीखंडात बुडवल्यासारखं दिसायचं!)

खरी गंमत शेवटी. पातळ काळपट रंग खाचांत उतरू द्यायचा, तो ‘वॉश’. रंगात बुडवलेला ब्रश चिंधीवर जवळजवळ कोरडा पुसून उंचवट्यांवरून हलकेच फिरवायचा, तो ‘ड्रायब्रश’. विमान खरंच उडून आल्यासारखं दिसू लागतं.

एक मात्र सांभाळा. रंग पुसायला तुमचं नेलपॉलिश रिमूव्हर देऊ नका. त्यातलं ॲसिटोन हे प्लॅस्टिक विरघळवतं. या संचांचा खास गोंदही कडा वितळवूनच सांधतो, म्हणून तर एवढा उग्र वास! खिडकी उघडी ठेवा, आणि धाकट्या भावंडाला लांब.