फुलटोचा तासाला किती वेळा येतो?

रत्नागिरीच्या एखाद्या जुन्या आमराईत गेलात, तर मान वर करून नीट बघा. हापूसच्या फांदीवर वेगळ्याच पानांचा झुबका दिसेल. तेच बांडगूळ! ते आंब्याच्या फांदीत शिरून तिच्यातलं पाणी आणि क्षार शोषून घेतं. फांदी कमजोर होते आणि बागायतदाराचं नुकसान होतं.

पण बांडगुळाला ना पाय, ना पंख. मग ते या झाडावरून त्या झाडावर जातं कसं?

ही करामत फुलटोचा नावाच्या पक्ष्याची. हा जेमतेम 8 सेंटीमीटर लांबीचा! तो बांडगुळाची पिकलेली फळं गिळतो. आतली बी भलतीच चिकट. थोड्याच मिनिटांत ती विष्ठेतून बाहेर येते आणि त्याच्या अंगालाच चिकटते. मग तो फांदीला अंग घासून ती सोडवतो. झालं, बी नव्या फांदीवर पेरली गेली! शिंजीर पक्षी मध प्यायला फुलांवर येतात आणि परागकण वाहून नेतात. कोकणातल्या या देवाणघेवाणीवर पक्षीतज्ज्ञ डॉ. सालिम अली यांनी 1931 साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिला होता.

आता एक कोडं. फुलटोचा एका बांडगुळावर तासाला किती वेळा येतो? तुम्ही म्हणाल, "सोपं आहे, एक तास बसून मोजू!" पण थांबा.

समजा, दोन बांडगुळं तुम्ही पाच दिवस रोज एकेक तास पाहिली. पहिल्यावर फेऱ्या झाल्या 6, 6, 5, 7, 6. दुसऱ्यावर 0, 1, 20, 2, 7. दोन्हींची बेरीज 30, सरासरी 6. म्हणजे दोन्ही सारखीच? छे! आता प्रत्येक दिवसाचा आकडा सरासरीपासून किती दूर आहे ते काढा आणि त्या अंतरांची सरासरी घ्या. पहिल्याचं उत्तर येतं 0.4, दुसऱ्याचं चक्क 6! दुसऱ्या बांडगुळावर फक्त तिसऱ्या दिवशी गेलेला म्हणेल, "इथे तर पक्ष्यांची जत्रा भरते." पहिल्या दिवशी गेलेला म्हणेल, "इथे कुणी फिरकतच नाही." दोघंही चुकले.

म्हणून शास्त्रज्ञ शून्यसुद्धा वहीत लिहितात. वेळ, हवामान, पिकलेली फळं किती, हेही टिपतात. चढउतार कशामुळे होतो, ते त्यावरूनच कळतं. आणि गंमत म्हणजे, सरासरीतली अनिश्चितता निम्मी करायची तर निरीक्षणं दुप्पट नाही, चौपट करावी लागतात बरं का!

बागायतदाराला याचा काय उपयोग? फेऱ्या वाढल्या की बिया पसरायला लागल्या. म्हणून फळं पिकण्याआधीच बांडगूळ खालच्या फांदीच्या तुकड्यासकट काढायचं. फुलटोच्याला मात्र हाकलू नका. तो बिचारा पोट भरतोय. सिंगापूर चेरीची फळंही तो आवडीनं खातो, शिवाय किडे आणि कोळीही टिपतो.

तर मग, फळं धरली की वही-पेन्सिल घ्या. पाच दिवस, एकच वेळ, एक तास. आणि एकही पक्षी आला नाही, तर ठळक अक्षरात लिहा : 0.