नोटेवरची चांदणी

"काका, ही नको. दुसरी द्या."

भाजीवाल्या मावशींनी पाचशेची नोट अशी परत केली, जणू मीच त्यांना किडकी वांगी विकत होतो. नोट कोरी करकरीत. फाटलेली नाही, मळलेली नाही. मी विचारलं, काय झालं? त्यांनी नंबरावर बोट ठेवलं. "हा बघा स्टार. खोटी आहे. ग्रुपवर आलंय."

हे घडलं नाशिकरोडला. म्हणजे ज्या गावात करन्सी नोट प्रेस आहे, जिथे दर दुसऱ्या गल्लीत प्रेसमधून निवृत्त झालेला एखादा तरी माणूस भेटतो, तिथे. मी स्वतः बँकेत कॅशियर होतो. उभी हयात नोटा मोजण्यात गेली. तरी त्या दिवशी मला खिशातून दुसरी नोट काढावी लागली, कारण मोबाइलवर आलेल्या निरोपापुढे माझ्या नोकरीची किंमत शून्य. पुढच्या पंधरा दिवसांत हेच वाक्य मी रिक्षावाल्याकडून, मेडिकलच्या दुकानातून आणि सख्ख्या मेहुण्याकडूनही ऐकलं. मेहुणा इंजिनिअर आहे.

तर आता एकदाच, नीट सांगतो.

नोटेवर नंबर दोन ठिकाणी असतो, वर डावीकडे आणि खाली उजवीकडे. त्याची आधीची तीन अक्षरं-आकडे म्हणजे प्रीफिक्स, आणि त्यापुढचे सहा आकडे म्हणजे अनुक्रमांक. काही नोटांवर या दोहोंच्या मध्ये एक चांदणी छापलेली असते. ती तिथे का येते, हे कळायला छापखान्यात काय होतं ते माहीत हवं.

नोट एकेक करून छापत नाहीत. मोठ्या तावावर अनेक नोटा एकदम छापल्या जातात. आधी पार्श्वभूमीचे रंग, मग हाताला जाणवणारी उठावाची छपाई, शेवटी नंबर. त्यानंतर तपासणी, कापणी आणि शंभर-शंभरची पाकिटं. तपासणीत एखादी नोट सदोष निघतेच. कुठे शाई पसरली, कुठे छपाई सरकली. ती बाद करावी लागते. पण पाकिटात तर 1 ते 100 असे सलग नंबर. मधली एक काढली की खिंडार पडलं. ते भरायचं कसं?

ऑगस्ट 2006 पर्यंत उत्तर असं होतं की बाद नोटेचाच नंबर घालून दुसरी नोट तयार करायची आणि तिच्या जागी ठेवायची. एका नोटेसाठी एवढा खटाटोप. मग रिझर्व्ह बँकेने सोपा मार्ग काढला. बदली नोटांची एक वेगळी मालिकाच छापून ठेवायची, तिच्या नंबरात ओळखीची खूण म्हणून चांदणी घालायची, आणि जिथे नोट बाद होईल तिथे त्यातली एक सरकवायची. पाकिटात नोटा शंभरच राहतात, फक्त नंबर सलग राहत नाहीत. काउंटरवर गोंधळ होऊ नये म्हणून अशा पाकिटाच्या पट्टीवरही तसा उल्लेख असतो. सुरुवात दहा, वीस आणि पन्नासच्या नोटांपासून झाली, पुढे शंभरची आली, आणि डिसेंबर 2016 मध्ये पाचशेची नोटही चांदणीसह येणार असल्याचं रिझर्व्ह बँकेने रीतसर जाहीर केलं.

म्हणजे चांदणीवाली नोट ही क्रिकेटमधल्या बदली खेळाडूसारखी. मूळ गडी जायबंदी झाला म्हणून मैदानात आलेली. तिला कुणी खोटा खेळाडू म्हणतं का?

यात गुपित असं काहीच नाही. निरोपांचा फारच सुळसुळाट झाला तेव्हा 27 जुलै 2023 रोजी रिझर्व्ह बँकेला प्रसिद्धिपत्रक काढावं लागलं. त्यात स्वच्छ म्हटलंय की चांदणी असलेली नोट इतर कोणत्याही वैध नोटेसारखीच आहे, चांदणी फक्त ती बदली किंवा पुन्हा छापलेली नोट असल्याचं दाखवते. पत्र सूचना कार्यालयानेही हाच खुलासा केला. अमेरिकेच्या डॉलरवर बदली नोटेला चांदणी लावण्याची पद्धत 1910 पासून आहे. तिथे कोणी भाजी परत ठेवत नाही.

आणि साधी अक्कल चालवून बघा. खोट्या नोटा छापणारा माणूस आपली नोट शंभरांत उठून दिसावी म्हणून मुद्दाम तिच्यावर चांदणी कशाला काढेल? त्याला तर नोट गर्दीत मिसळायला हवी असते. हा प्रश्न मी मेहुण्याला विचारला. तो म्हणाला, "पण मग लोक म्हणतात ते?" यावर माझ्याकडे उत्तर नाही.

मात्र उलट टोकालाही जाऊ नका. चांदणी आहे म्हणून नोट खरी, असंही नाही. खोटी नोट छापणारा खऱ्या चांदणीवाल्या नोटेची नक्कल करूच शकतो. नोट खरी की खोटी, याविषयी चांदणी काहीही सांगत नाही.

याच गैरसमजाचं एक श्रीमंत भावंड आहे. चांदणीवाली किंवा 786 नंबराची नोट विका आणि लाखो रुपये मिळवा, अशा जाहिराती फिरतात. मग फोन येतो, ‘रिझर्व्ह बँकेचं शुल्क’ किंवा कमिशन आधी भरा म्हणून. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये सावध केलं होतं की आपण अशा व्यवहारात नाही आणि असं कोणतंही शुल्क आपण घेत नाही. म्हणजे एकच नोट एका ग्रुपवर खोटी आणि दुसऱ्या ग्रुपवर लाखाची. निदान आपसांत तरी ठरवा.

नंबरांचा विषय निघालाच आहे तर आणखी दोन. ‘आकडे लहानमोठे आहेत, म्हणजे नोट नकली.’ नाही. 2015 पासून अनुक्रमांकाचे आकडे डावीकडून उजवीकडे मोठे होत जातात, ते सुरक्षेसाठी मुद्दाम केलेलं आहे. ‘एकाच नंबराच्या दोन नोटा सापडल्या, म्हणजे एक नकली.’ असंही नाही, आणि हे ऐकून भलेभले चक्रावतात. नंबर सारखा असू शकतो, पण मग नंबराच्या चौकटीतलं छोटं अक्षर, छपाईचं वर्ष किंवा गव्हर्नरची सही यांपैकी काहीतरी वेगळं असतं. हे रिझर्व्ह बँकेनेच आपल्या प्रश्नोत्तरांत लिहून ठेवलंय. छपाईचं वर्ष 2005 पासून मागच्या बाजूला असतं. या तिन्ही गोष्टी जुळल्या तर मात्र मला नक्की दाखवा.

मग तारेचा प्रकार. बाजारात तिला तार म्हणतात, खरं तर तो सुरक्षा धागा. निरोप म्हणतो की पाचशेच्या नोटेवरची हिरवी पट्टी गव्हर्नरच्या सहीजवळ असेल तर नोट घ्या, गांधीजींच्या चित्राजवळ असेल तर नको. दोन्ही नोटा चालतात, याचा खुलासा केव्हाच झालेला आहे. धागा आणि जलचिन्ह या दोन्ही गोष्टी कागद बनतानाच कागदात जातात, छपाई त्यावर नंतर होते. त्यामुळे चित्र आणि धागा यांच्यातलं अंतर पट्टी लावून मोजण्यात अर्थ नाही. बघायचं ते वेगळंच. नोट तिरकी केली की धागा हिरव्याचा निळा होतो का? त्यावर ‘भारत’ आणि ‘RBI’ ही अक्षरं आहेत का? रंगीत झेरॉक्सला हिरवा रंग जमतो, पण तिरकी केल्यावर रंग बदलणं जमत नाही.

उजेडात धरा, गांधीजींचा चेहरा आणि 500 हा आकडा कागदाच्या आत दिसायला हवा. बोट फिरवा, मधलं चित्र आणि उजवीकडचा अशोकस्तंभ उठावाचा लागतो. डाव्या-उजव्या कडेला पाच-पाच तिरप्या रेषा आहेत, त्याही हाताला लागतात. दृष्टिहीनांसाठी त्यांची संख्या नोटेनुसार बदलते, शंभरच्या नोटेवर चार-चार असतात. जुन्या कॅशियरला नोट बघावी लागत नाही, मोजता मोजता अंगठाच अडखळतो. यात कुठलीही विद्या नाही, नुसती सवय आहे. पण एका खुणेवर निकाल देऊ नका, तीन-चार बघा. रिझर्व्ह बँकेचं ‘मनी’ हे ॲप या कामी येईल असं समजू नका. नोट कितीची आहे हे दृष्टिहीनांना सांगण्यासाठी ते आहे, खरी-खोटी ते ठरवत नाही.

बाकीचे गैरसमज चटाचट उरकतो. दोन हजारांच्या नोटेत चिप होती? नव्हती, 2016 मध्येच रिझर्व्ह बँकेने इन्कार केला होता. तेव्हा ही बातमी टीव्हीवर रंगवून सांगणारे आज दुसरं काहीतरी रंगवून सांगत आहेत. ती नोट बेकायदा झाली? नाही, मे 2023 मध्ये चलनातून मागे घ्यायला सुरुवात झाली, पण ती वैध आहे. कपाटात साडीच्या घडीत सापडली तर रिझर्व्ह बँकेच्या मुंबई, बेलापूर किंवा नागपूर कार्यालयात द्या, तिथवर जाणं जमत नसेल तर पोस्टाने पाठवा. नोट साध्या कागदाची असते? नाही, शंभर टक्के कापसापासून केलेल्या कागदाची. म्हणून पँटच्या खिशातून धुऊन निघाली तरी जगते. एक रुपयाच्या नोटेवरही गव्हर्नरचीच सही? नाही, वित्त सचिवांची, ती नोट भारत सरकारची आहे. पेनने लिहिलेली नोट बाद? बाद नाही, बँकेने ती नाकारायची नाही, मळकी नोट म्हणून घ्यायची. अपवाद राजकीय घोषणा लिहिलेल्या नोटेचा, तिचे पैसे मिळत नाहीत. म्हणून निवडणुकीच्या दिवसांत हात आवरा. दहाचं नाणं रुपयाच्या चिन्हाशिवाय खोटं? जानेवारी 2018 पर्यंत दहाच्या नाण्याची 14 रूपं निघाली होती, आणि सगळी चालतात. नोटेच्या मागच्या बाजूच्या भाषांच्या यादीत मराठीला मुद्दाम खाली ढकललंय? त्या 15 भाषा इंग्रजी नावांच्या अक्षरक्रमाने लागतात. मराठी आठवी येते, मल्याळमनंतर आणि नेपाळीच्या आधी. कोकणी सहावी, म्हणून गोव्याच्या पाहुण्यांनी लगेच कॉलर ताठ करू नये.

एका गैरसमजाने मात्र खरोखर नुकसान होतं, म्हणून तो घाईत संपवत नाही. लोकांना वाटतं की संशयास्पद नोट बँकेत नेली तर पोलीस आपल्यालाच धरतील. त्या भीतीने माणूस ती नोट अंधारात कुणाला तरी खपवायला बघतो. अंधाऱ्या पेट्रोलपंपावर, जत्रेत, म्हाताऱ्या फुलवालीकडे. खोटी आहे हे माहीत असताना नोट चालवणं, हा गुन्हा आहे. बँकेत दाखवणं नाही. काउंटरवर नोट खोटी निघाली तर ती जप्त होते, तिच्यावर ‘बनावट नोट’ असा शिक्का बसतो आणि तुम्हाला पावती मिळते. एका व्यवहारात चारपर्यंत अशा नोटा निघाल्या तर बँक महिनाअखेरीस पोलिसांना एकत्रित अहवाल पाठवते, पाच किंवा जास्त निघाल्या तर लगेच प्राथमिक माहिती अहवाल. त्या नोटेचे पैसे मिळत नाहीत, हे कटू आहे. मीही काउंटरच्या आतून अनेकांना हे सांगितलंय आणि शिव्याही खाल्ल्यात. पण ते पाचशे गेले ते तुमच्याकडेच संपले, पुढे फुलवालीचे गेले नाहीत. शिवाय बँकेने ती नोट तुम्हाला परत द्यायची नसते. कोणी ‘घेऊन जा’ म्हणालं तर पावती मागा.

भाजीवाल्या मावशींकडे मी परवा पुन्हा गेलो. रिझर्व्ह बँकेचं ते पत्रक छापून नेलं होतं. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं, घडी घालून गल्ल्यात ठेवलं, आणि म्हणाल्या, "हे असू दे माझ्याकडे. गिऱ्हाईकच घेत नाही ना सुट्ट्यात."

तेव्हा गिऱ्हाइकांना विनंती. मावशींनी सुट्ट्यात चांदणीवाली पन्नासची नोट दिली तर घ्या, आणि दुसऱ्या दिवशी तिचीच मेथी आणा.